कोकण किनाऱ्यावर चार दिवस सी कयाकिंग आणि कॅम्पिंग: केळशी ते दाभोळ, पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

प्रश्न थोडक्यात असा आहे की पुण्यातले चौघं मित्र, पवना आणि मुळशीच्या बॅकवॉटरला कयाक बऱ्यापैकी चालवलेली, आता डिसेंबर-जानेवारीत चार-पाच दिवस समुद्रात जायचंय, रोज २५ किमी मारायचे, वाटेत बेटांवरचे जलदुर्ग करायचे, रात्री किल्ल्यातच तंबू टाकायचा, आणि यासाठी कयाक कुठली आणि सामान काय घ्यावं.

सामानाचं सांगतो, पण ते सगळ्यात सोपं काम आहे, दोन शनिवारात होतं. तुमच्या प्लॅनमध्ये जो भाग नाहीये तोच खरा प्लॅन आहे, म्हणजे वारा कधी उठतो, भरती किती वाजता आहे आणि उतरायला जागा कुठे आहे. धरणात आपण आधी किलोमीटर ठरवतो आणि मग वेळ बघतो. समुद्रात उलटं करायचं. आधी उतरायच्या जागा नकाशावर मांडायच्या, मग सकाळी अकराच्या आत त्यातल्या कुठल्या जागेपर्यंत आरामात पोचता येतं ते बघायचं, आणि जे अंतर निघेल ते त्या दिवसाचं अंतर. चार नव्या लोकांचं ते १० ते १२ किमी निघतं, २५ नाही. हे ऐकून तुम्हाला वाईट वाटेल, पण मी यावर अजिबात सूट देत नाही.

अकरा का, तर वाऱ्यामुळे. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते ते आठवा, कोकणात हिवाळ्यात रोज तेच चालू असतं. रात्रभर जमीन थंड होते आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे हलका मतलई वारा असतो, पाणी तेव्हा जवळजवळ सपाट असतं, चालवायला स्वर्ग. नऊ-दहाला हा वारा पडतो, थोडा वेळ एकदम शांत, आणि मग अकरा-बाराच्या सुमारास वायव्येकडून खारा वारा सुरू होतो, तो दुपारी तीन-चारपर्यंत वाढतच जातो आणि सूर्य बुडाल्यावर मंदावतो. दुपारी तो ताशी २० किमीच्या पुढे सहज जातो, लाटांच्या माथ्यावर सगळीकडे पांढरं फुटायला लागतं, आणि भरलेल्या कयाकमध्ये नवीन माणूस त्यात एक तास टिकला तरी दुसऱ्या तासाला हात गळून जातात. फेब्रुवारीनंतर दुपारचा वारा अजून चढतो, म्हणून तुमचे डिसेंबर-जानेवारी बरोबर आहेत. आणि वारा वायव्येचा आहे म्हटल्यावर प्रवासाची दिशा पण ठरून गेली, उत्तरेकडून दक्षिणेकडेच जायचं, म्हणजे उशीर झालाच तर वारा मागून-उजवीकडून येईल, तोंडावर नाही.

मतलई वाऱ्याबद्दल एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, तो प्रेमळ वाटतो पण तो तुम्हाला किनाऱ्यापासून बाहेर ढकलत असतो. कुणी उलटलं, पॅडल गेलं, कुणाचा खांदा दुखावला, तर कयाक हळूहळू पश्चिमेला निघते. त्यामुळे सकाळी लाटा फुटतात त्या पट्ट्याच्या जरा बाहेर, किनाऱ्यापासून चार-पाचशे मीटरच्या आत राहूनच चालवायचं आणि चौघांनी एकमेकांना हाक ऐकू जाईल एवढंच अंतर ठेवायचं. एक टोक ते दुसरं टोक असं आखातातून सरळ तोडायचा मोह होतो, वीस मिनिटं वाचतात त्यात, पण पहिल्या ट्रिपला नको.

आता भरती-ओहोटी. याची कोकणातली जुनी रीत अजूनही कामाची आहे, तिथीची पाऊणपट करायची, आली ती भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, पौर्णिमेला सव्वाअकरा-बाराच्या आसपास, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी, पुन्हा सहा तासांनी दुसरी भरती. दोन्ही पक्षांना हेच लागू. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, म्हणून नेमकी वेळ आणि उंची भरतीच्या टेबलातून घ्यायचीच, पण कॅलेंडरवर नुसती नजर टाकून महिन्यातले कुठले दिवस बरे हे या रीतीने दोन मिनिटांत कळतं. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, म्हणजे पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, खाड्यांच्या तोंडाशी प्रवाह जोरात. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा फरक कमी, आणि सगळ्यात कमी फरक नेमका अष्टमीला नसून एक-दोन दिवस नंतर येतो.

पाणी एकसारख्या वेगाने चढत-उतरत नाही हेही माहीत हवं. सहा तासांपैकी पहिल्या तासात बारावा भाग, दुसऱ्यात दोन भाग, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि शेवटी एक. म्हणजे समजा अडीच मीटरचा फरक असेल तर पहिल्या तासात जेमतेम २० सेंटीमीटर, आणि मधल्या दोन तासांत सव्वा मीटर. खाडीचं तोंड ओलांडायचं असेल तर हे मधले दोन तास टाळायचे. त्यातही ओहोटीचे विशेष करून, कारण खाडीचं पाणी जोरात बाहेर येत असतं, समोरून लाटा आत येत असतात, तोंडाशी वाळूचा उथळ पट्टा असतो, आणि तिथे दोघांची गाठ पडली की लाट उभी राहते आणि फुटते. त्याच जागी भरतीच्या वेळी गेलात तर वाटणारही नाही की इथे काही झालं असेल.

हे सगळं एकत्र केलं की माझं उत्तर येतं शुद्ध दशमी ते त्रयोदशी. दशमीला भरती साडेसात, एकादशीला सव्वाआठ, द्वादशीला नऊ, त्रयोदशीला पावणेदहा. उजाडलं की, म्हणजे पावणेसातच्या सुमाराला तुम्ही पाण्यात उतरता तेव्हा पाणी वर आलेलं असतं त्यामुळे भरलेली कयाक लांबपर्यंत उचलून न्यावी लागत नाही, खाड्या चढत्या पाण्यात ओलांडल्या जातात, उधाण अजून लांब असतं, आणि शुद्ध पक्ष म्हणून संध्याकाळी तंबूपाशी चांदणं. पौर्णिमेला गेलात तर पहाटे सहाला ओहोटी, मुरुड-कर्द्यासारख्या सपाट किनाऱ्यावर पाणी कुठल्या कुठे गेलेलं असतं आणि सामानासकट पन्नास किलोची बोट ओल्या वाळूतून नेताना दिवसाची सुरुवातच दमून होते.

किल्ल्यात राहण्याबद्दल. ते होणार नाही, आणि व्हायलाही नको. सुवर्णदुर्ग, जंजिरा, पद्मदुर्ग, सिंधुदुर्ग ही सगळी भारतीय पुरातत्त्व खात्याची संरक्षित स्मारकं आहेत, तिथे रात्री राहता येत नाही, चूल पेटवता येत नाही. त्यात खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी आहेत, त्यामुळे लक्ष अजून जास्त. बेटावर तंबू ही कल्पना बहुतेक परदेशी व्हिडिओंवरून येते. अमेरिकेत मेन राज्यात १९८८ पासून बेटांचे मालक आणि बोटवाले यांनी मिळून अख्खी जलवाट उभी केलीये, कुठल्या बेटावर किती जणांनी राहायचं हेसुद्धा ठरलेलं असतं. आपल्याकडे तशी व्यवस्था नाही, आणि आपली किनाऱ्याजवळची बेटं बरीचशी एकतर किल्ला तरी आहेत नाहीतर नुसता खडक. म्हणून बेटाला दिवसा जायचं, प्रदक्षिणा घालायची, उतरायचं, बघायचं, आणि रात्र किनाऱ्यावरच्या गावात. यात कमीपणा काही नाही उलट गावातली रात्र ही या ट्रिपची सगळ्यात श्रीमंत गोष्ट आहे असं मला मनापासून वाटतं.

रूट मी दापोली तालुक्यातला सुचवतो, केळशी ते दाभोळ, समुद्रातून साधारण ३५ ते ४० किमी. पुण्याहून ताम्हिणी-माणगाव-मंडणगड करत केळशीला दुपारपर्यंत पोचता येतं. या पट्ट्याचा मोठा फायदा हा की दर काही किलोमीटरला वाळूचा किनारा आहे आणि मागे गाव आणि रस्ता आहे, म्हणजे कुठल्याही दिवशी अर्ध्यात सोडायचं ठरलं तर सोडता येतं. पाचवा मित्र गाडी घेऊन किनाऱ्या-किनाऱ्याने आला तर फारच छान, अर्धं सामान गाडीत जाईल आणि बोटी हलक्या राहतील. बोटी भरून स्वावलंबी जायचंय हा हट्ट मला कळतो, पण तो दुसऱ्या ट्रिपला पुरा करा.

पहिला दिवस दशमी, केळशी ते आंजर्ले, आठ-नऊ किमी. आदल्या संध्याकाळी केळशीच्या किनाऱ्यावर फिरून लाटा कुठे कमी फुटतात ते बघून ठेवा, महालक्ष्मीचं देऊळही होईल. सकाळी निघालात की उटंबरच्या डोंगराखाली खडकाळ किनारा लागतो, तिथे उतरायला जागा नाही आणि कड्यावर आपटून परत येणाऱ्या लाटांमुळे पाणी उगाचच ढवळलेलं वाटतं. घाबरायचं नाही, पण कड्यापासून दोनशे मीटर तरी बाहेर राहायचं आणि तिथे थांबून फोटो काढायचे नाहीत. पुढे आड्याची छोटी खाडी, पाडले, मग आंजर्ले. साडेनऊ-दहाला पोचाल, दुपारी कड्यावरच्या गणपतीला जाऊन या, आणि वरून उद्याचा सगळा मार्ग बघा, जोग नदीचं मुख, त्यापलीकडे हर्णै, आणि पाण्यात सुवर्णदुर्ग. हे वरून बघणं फार महत्त्वाचं आहे, नदीच्या तोंडाशी पांढरं कुठे फुटतंय आणि गडद पाण्याची वाट कुठून आहे हे पाण्याच्या पातळीवरून कधीच कळत नाही. दुपारी ओहोटीच्या वेळी बघितलंत तर वाळूचे उथळ पट्टे उघडे दिसतील, मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

दुसरा दिवस या ट्रिपचा राजा. सकाळी सातच्या सुमारास, पाणी चढत असतानाच, जोग नदीचं मुख बाहेरून पार करायचं, पाजपंढरीच्या समोरून हर्णै बंदराकडे. बंदरात होड्यांची ये-जा सुरू असते, तिकडून आत घुसायचं नाही, बाहेरून जायचं, आणि एकेकटं न जाता चौघांनी एकत्र, कारण ट्रॉलरच्या माणसाला चार रंगीत ठिपके एकत्र दिसतात, एक ठिपका दिसत नाही. सुवर्णदुर्ग किनाऱ्यापासून अगदी जवळ आहे, मधलं पाणी उथळ. किल्ल्याला बाहेरच्या बाजूने चक्कर मारायची असेल तर सकाळचं सपाट पाणी आणि बारीक स्वेल, म्हणजे लांबून येणारी लाट, असेल तरच, तटाच्या पायथ्याशी खडक आहेत आणि त्यावर कालवं आहेत, कालवं म्हणजे धार, पाय पण फाडतात आणि फायबरची बोट पण. दाराशी छोटी पुळण आहे तिथे उतरता येतं. दरवाज्यात मारुती आणि पायरीवर कासव कोरलेलं आहे ते चुकवू नका. किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला, म्हणजे एका जलदुर्गाला जमिनीवरून तीन पहारेकरी. हे बेट आंग्र्यांच्या आरमाराचं मोठं ठाणं, १७५५ मध्ये कमोडोर जेम्सने ते तुळाजी आंग्र्यांकडून घेतलं तेव्हा पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते. बोटीतून तट वर बघताना या गोष्टी नुसत्या वाचल्यापेक्षा फार वेगळ्या लागतात, तोफेच्या माऱ्यात लाकडी जहाज इथे आणायचं म्हणजे काय ते पोटात कळतं. तिथे तास-सव्वातास घ्या आणि साडेनऊला निघून मुरुड ओलांडून कर्दे. हा मुरुड दापोलीतला, जंजिऱ्याचा नाही.

तिसरा दिवस सगळ्यात लांब, कर्दे ते कोळथरे, बारा-तेरा किमी, मध्ये लाडघर आणि बुरोंडी. लाडघरला साडेनऊपर्यंत पोचला नाहीत तर तिथेच थांबायचं, पुढे जायचं नाही, हे आदल्या रात्रीच चौघांनी ठरवून टाका. पाण्यात बसून चर्चा केली की नेहमी जो जास्त उत्साही असतो तोच जिंकतो. या पट्ट्यात डॉल्फिन दिसायची शक्यता चांगली असते, दिसले तर पॅडल थांबवा, त्यांच्या मागे लागू नका. चौथा दिवस आठेक किमीचा, पण शेवटी वाशिष्ठीचं मुख आहे, मोठी खाडी, म्हणून वेळ चोख, त्रयोदशीची भरती पावणेदहाची, म्हणजे सव्वाआठ ते सव्वानऊच्या मध्ये चढत्या पाण्याबरोबर आत शिरायचं आणि उत्तर काठ धरून दाभोळच्या धक्क्याकडे. फेरीबोट दाभोळ-धोपावे चालू असते, तिला लांबूनच वाट द्या. खाडीत अजून आत जाऊन कॅम्प करावा असं कुणी सुचवलं तर नको, वाशिष्ठीत वरच्या अंगाला मगरी आहेत.

उतरण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण धरणावरच्या माणसाला याचीच सवय नसते आणि अपघात खोल पाण्यापेक्षा इथेच जास्त होतात. स्वेल वायव्येकडून असेल तर प्रत्येक आखाताचं उत्तरेचं टोक डोंगराच्या आडोशाला असतं, तिथे लाट सगळ्यात लहान असते. पण वाळूच असल्याची खात्री करा, खडक असतील तर मध्याकडे सरका. लाटा गटागटाने येतात, चार-पाच मोठ्या आणि मग जरा उसंत, तर फुटणाऱ्या पट्ट्याच्या बाहेर थांबून दोन-तीन गट जाऊ द्या, मग एकेकाने, उसंतीत, नाक सरळ किनाऱ्याकडे ठेवून जोरात यायचं. लाटेने बोट आडवी केलीच तर अंग लाटेच्या बाजूला झुकवायचं, किनाऱ्याच्या बाजूला झुकलात की उलटलात. आणि उतरल्यावर बोट आणि किनारा यांच्या मध्ये कधीही उभं राहायचं नाही, पाठून आलेली लाट तीच पन्नास किलोची बोट तुमच्या गुडघ्यावर आणून घालते. उथळ पाण्यात पाय उचलून न टाकता वाळूतून घासत चाला, पाकट, म्हणजे शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा, वाळूत बसलेला असतो, त्याला चाहूल लागली की तो निघून जातो.

जाळी. किनाऱ्याला समांतर जाताना बोये दिसले की समजायचं खाली जाळं आहे, आणि दोन बोयांमधली दोरी पाण्याच्या वरच्या थरात असू शकते, रडर (मागचं सुकाणू) किंवा स्केग (मागे तळाला असलेली खाली-वर होणारी पाती) त्यात अडकतो. स्केग वर घ्या आणि दोरीला काटकोनात पार करा. जाळं कापायचं नाही, काहीही झालं तरी, ते कुणाच्या तरी घराचं पीठ-मीठ आहे. पहिल्या दिवसापासून प्रत्येक गावात संध्याकाळी बंदरावर किंवा पुळणीवर जाऊन एखाद्या नाखव्याला भेटा, उद्या इथून तिथे जातोय, कुठे जाळी आहेत, कुठे खडक आहेत, वारा कसा वाटतो, हे विचारा. नवख्या माणसाने नीट विचारलं की कोळी मंडळी भरभरून सांगतात. आणि त्याने नका जाऊ म्हटलं तर त्यावर ॲप उघडून दाखवायचं नाही.

तंबू. भरतीची रेषा वाळूत दिसते, शेवाळ, काटक्या, शिंपल्या यांची ओळ. ती आजची. दिवसातल्या दोन्ही भरत्या सारख्या उंचीच्या नसतात, रात्रीची जास्त असू शकते, आणि तुम्ही दशमीकडून पौर्णिमेकडे चाललाय म्हणजे पाणी रोज थोडं जास्त वर येणार, म्हणून टेबलात दोन्ही आकडे बघा आणि भरपूर वर जा. मला विचाराल तर पुळणीवर तंबू टाकूच नका, गावात एखाद्याच्या वाडीत परवानगी काढून टाका, जेवण-पाणी-संडास सगळ्याची सोय होते, घरच्यांना दोन पैसे मिळतात, आणि कुळथाचं पिठलं-भात तुम्ही स्टोव्हवर काय शिजवाल त्यापेक्षा शंभरपट चांगला. फक्त नारळाखाली तंबू नाही. दिवसा निवांत सावली वाटते पण रात्री वाऱ्याने नारळ किंवा झावळी पडली तर तंबूचं कापड काही करू शकत नाही. सुरूच्या बनातही सुक्या सुयांवर स्टोव्ह पेटवू नका.

वाडीत राहायचं अजून एक कारण म्हणजे कासवं. केळशी, आंजर्ले, कर्दे, कोळथरे, दाभोळ, तुमचा जवळपास प्रत्येक मुक्काम ऑलिव्ह रिडलेच्या विणीचा किनारा आहे आणि हंगाम साधारण डिसेंबरपासून सुरू होतो. मादी रात्री वर येते, पुळणीवर दिवा, शेकोटी, माणसांची वर्दळ दिसली तर अंडी न घालता परत फिरते. तर रात्री किनाऱ्यावर हेडलॅम्प लावून फिरणं नाही, शेकोटी नाही, बोटी वाळूत मध्येच न ठेवता वर नेऊन ठेवा. गावात कासवांचं काम करणारे लोक असतात, त्यांना आधीच विचारा कुठल्या भागात जायचं नाही.

आता कयाक. भाड्याने मिळतात त्या रुंद सिट-ऑन-टॉप, म्हणजे वर उघड्यावर बसायच्या, किनाऱ्यावर तासभर खेळायला ठीक, फुगवायच्या तर वाऱ्यात पानासारख्या वाहवत जातात. तुम्हाला १४ ते १७ फुटांची, पुढे-मागे बंद कप्पे असलेली सी कयाक हवी, स्केग किंवा रडर असलेली, आणि चारही बाजूंनी धरायला डेकवर दोरी. बंद कप्पे सामानासाठी आहेत असं सगळ्यांना वाटतं, ते मुळात तरंगण्यासाठी आहेत, कॉकपिट, म्हणजे बसायची जागा, पाण्याने भरलं तरी बोट बुडत नाही ती त्यांच्यामुळे. जड सामान तळाला आणि मध्याजवळ, हलकं टोकांना. प्रत्येकाला नीट बसणारं लाईफ जॅकेट, ते अंगावर, डेकवर नाही. शिट्टी. ग्रुपमध्ये दोन टो लाईन (दुसरी बोट ओढायच्या दोऱ्या), पाणी उपसायचे दोन पंप, एक जादा पॅडल. आपल्याकडे हिवाळ्यातही पाणी कोमट असतं त्यामुळे थंडीने गारठण्याची भीती फार नाही, आपला शत्रू ऊन आहे, पूर्ण बाह्यांचा टीशर्ट, मानेवर कापड असलेली टोपी, हातमोजे. आणि पाणी माणशी चार लिटर बोटीत असलंच पाहिजे, पुढच्या गावात मिळेल म्हणून कमी घ्यायचं नाही.

दोऱ्या, कॅरॅबिनर, झाकणाचे प्लास्टिकचे डबे, ताडपत्री हे सगळं बोहरी आळीत एका फेरीत होतं, ड्राय बॅगा मात्र चांगल्याच घ्या. बोटीवर खायला सोपं तेच, भडंग, गूळ-शेंगदाणे, खजूर, सातूचं पीठ. आणि ओआरएस.

संपर्क. मोबाईलला किनाऱ्यावर बऱ्याच ठिकाणी रेंज असते, वॉटरप्रूफ पाऊचमध्ये दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं ठेवा. तटरक्षक दलाचा शोध-बचाव नंबर १५५४, आणि ११२. परदेशी व्हिडिओत बघून सॅटेलाईट फोन किंवा सॅटेलाईट मेसेंजर मागवू नका, परवानगीशिवाय ते आपल्याकडे बेकायदेशीर आहे आणि लोकांना अटक झालेली आहे. २००८ नंतर किनाऱ्यावर सुरक्षेबाबत लोक सावध असतात, अनोळखी बोटी दिसल्या की फोन जातात, आणि ते बरोबरच आहे. म्हणून निघायच्या आधी जवळच्या सागरी पोलीस ठाण्यात आणि मेरीटाईम बोर्डाच्या बंदर कार्यालयात लेखी कळवा, चौघांची नावं, बोटींचे रंग, रोजचे मुक्काम, आणि पोचल्याचं रोज ज्याला कळवायचं असा एक माणूस पुण्यात नेमून ठेवा, बारापर्यंत मेसेज आला नाही तर त्याने कुणाला फोन करायचा हे त्याच्याकडे लिहून हवं.

अंदाज बघायला हैदराबादच्या इन्कॉईस या सरकारी केंद्राचा समुद्राचा अंदाज, हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि वाऱ्यासाठी विंडी ॲप, तिन्ही रोज रात्री. नुसती लाटेची उंची बघू नका, दोन लाटांमधले सेकंद पण बघा. एक मीटर उंची आणि पाच-सहा सेकंद म्हणजे जवळच्या वाऱ्याची चिरमिर, पण तेवढीच उंची आणि १४ सेकंद असेल तर ती लांबून आलेली जड लाट, खोल पाण्यात जाणवणार नाही आणि पुळणीवर येऊन धाडकन फुटेल. आणि डिसेंबर आहे म्हणून वादळ नाही असं धरू नका, २०१७ च्या डिसेंबरात ओखी याच किनाऱ्यासमोरून गेलं होतं. मच्छीमारांना इशारा असेल तर तुम्हालाही आहे, ट्रिप पुढे ढकला, पुढची दशमी महिन्याने येतेच.

शेवटी तयारी, सप्टेंबर-ऑक्टोबरपासून धरा. आधी स्विमिंग पूलमध्ये, लाईफ जॅकेट घालून, मुद्दाम उलटायचं आणि स्प्रे स्कर्ट (कॉकपिटचं तोंड झाकणारं, कमरेला बांधायचं कापड) ओढून बाहेर यायचं, डोळे मिटून सुद्धा जमेपर्यंत. मग धरणात जोडीने, एकाने उलटायचं, दुसऱ्याने त्याची बोट आडवी आपल्या डेकवर ओढून पाणी काढायचं, सरळ करायची, धरून ठेवायची, आणि पहिल्याने मागच्या डेकवरून चढून आत बसायचं. हे चौघांपैकी प्रत्येकाला दोन्ही भूमिकांत, सामान भरलेल्या बोटीसह, चार मिनिटांच्या आत जमलं पाहिजे, आणि सकाळच्या शांत पाण्यात नाही तर दुपारी मुळशीला वारा सुटतो तेव्हा. नोव्हेंबरात एक वीकेंड कर्द्याला जाऊन फक्त लाटांतून आत-बाहेर करा, एखाद्या जाणत्या माणसाबरोबर. त्यानंतरही चौघांपैकी एकाला जरी पाण्यातून बोटीत परत चढणं जमत नसेल तर चार दिवसांचा बेत बाजूला ठेवा, दोन दिवस कर्द्यालाच राहा, एका सकाळी स्थानिक होडी सोबत घेऊन सुवर्णदुर्गापर्यंत चालवा आणि परत या. निघताना मात्र उत्तरेकडे जाताय हे ध्यानात ठेवून पावणेसातलाच निघा, परतीची वाट वाऱ्याबरोबरची आहे.